बुबुळावरचा व्रण, तासातासाचे थेंब आणि नॅनोकण

कारेलीबागची_भाची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. डॉक्टर, फार्मसीवाले, मायक्रोबायोलॉजीवाले असे जे कोणी इथे येत असतील त्यांच्याकडून एक विषय नीट समजून घ्यायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मामा डभोईजवळच्या गावात राहतात. गायकवाडी काळापासूनची थोडी जमीन आहे, तूर आणि कापूस होतो. वय ६८. तूर झोडताना डाव्या डोळ्यात भुसा गेला. त्यांनी पाण्याने डोळा धुतला, गावातल्या मेडिकलमधून कसलेतरी थेंब आणले आणि होईल बरं म्हणून तसेच राहिले. मामीचा फोन आला तोवर डोळा लालभडक, पापण्या सुजलेल्या, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढुरका ठिपका. बडोद्याला आणलं. डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळ्या प्रकाशात बघितलं. मशीनच्या स्क्रीनवर मलाही दिसलं, ठिपक्याची जागा हिरवी चमकत होती. कॉर्नियल अल्सर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला (कॉर्नियाला) व्रण.

तेव्हापासून घरात एकच काम. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. दोन बाटल्या आहेत. त्यातली एक इंजेक्शनच्या पावडरीपासून हॉस्पिटलमध्येच बनवून दिलेली, ती फ्रिजमध्ये ठेवायची. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. मामी आणि मी पाळीपाळीने जागतो. मामा गाढ झोपेत असतात, खालची पापणी ओढून थेंब टाकला की निम्मा गालावर ओघळतो. प्रत्येक वेळी मनात येतं, आत नक्की गेलं किती?

मामेभाऊ एमएसयूत, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, सायन्सला आहे. त्याने सांगितलं की अँटिबायोटिक नॅनोकणांमध्ये भरून किंवा नॅनोकणांच्या जोडीने दिलं तर ते डोळ्यात जास्त टिकतं आणि हट्टी जंतूही मरतात, असं संशोधन चालू आहे. हे ऐकून आशा वाटली. पण दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका 'नॅनो सिल्व्हर' लिहिलेली एक बाटली घेऊन आले. म्हणाले, अँटिबायोटिक बंद करा, हे टाका, चांदीने सगळे जंतू मरतात. बाटली सध्या कपाटात आहे. डोळ्यात घातलेली नाही.

तर हे नॅनोकण नक्की काय करतात, ते अँटिबायोटिकसोबत का हवेत, आणि आज मामांना त्याचा काही उपयोग आहे का? जाणकारांनी कृपया लिहावं.

---

नेत्रवैद्य

ताई, बाटली कपाटातच राहू दे, त्यावर पुढे बोलू. रात्रीचे थेंब मात्र एकही चुकवू नका. तुम्ही आणि मामी जागताय ते उपचाराचं अर्धं काम आहे.

थेंब गालावर ओघळतो त्याची काळजी सोडा. डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी जेमतेम ७ मायक्रोलिटर अश्रू असतात. पापणीच्या आतल्या खोबणीत ३० मायक्रोलिटरच्या आसपास मावतं. बाटलीतून पडणारा थेंबच ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, त्यामुळे थोडं बाहेर येणारच. एका वेळी दोन थेंब टाकून काही जास्त मिळत नाही.

खरी गळती नंतर होते. अश्रू सतत बनतात आणि नाकाकडे वाहून जातात, काही मिनिटांत औषध पातळ होऊन निघून जातं. घशात कडू लागतं ते त्यामुळेच. डोळ्याच्या आत पोचतं ते टाकलेल्या औषधाच्या ५ टक्क्यांहूनही कमी. शिवाय कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असला तरी पार करायला कठीण. वरचा थर तेलकट स्वभावाचा, त्याखालचा पाणीदार. एकातून सहज जाणारं औषध दुसऱ्यात अडतं. व्रण असताना वरचा थर गेलेला असतो म्हणून सुरुवातीला औषध बऱ्यापैकी शिरतं, आणि जखम भरत आली की वाट बंद होऊ लागते. पहिल्या दोन दिवसांत दर तासाला थेंब द्यायचे ते याचसाठी. औषध साठून राहत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा ओतावं लागतं. नॅनोकणांचा सगळा खटाटोप नेमका या दुखण्यावर आहे, त्याबद्दल फार्मसीतले लोक माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. व्रणातून खरवडून नमुना घेतला का? शेतातला भुसा, काडी, पान लागून झालेल्या व्रणात आपल्याकडे बुरशी फार असते, फ्युजेरियम आणि अस्परजिलस. बुरशीवर अँटिबायोटिक काडीचंही काम करत नाही, तिथे नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध लागतं. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे तिथल्या तिथे दिसतात. मोठमोठ्या नॅनोतंत्राआधी ही साधी काचपट्टी महत्त्वाची.

दुसरं, मामांच्या त्या डोळ्यातून आधीपासून पाणी यायचं का? नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात अश्रू जमा होणारी अश्रुपिशवी असते, ती कोणी दाबून बघितली का?

---

रावपुरा_रोड

गावातल्या मेडिकलमधून आणलेले थेंब कोणते होते ते आधी बघा. आमच्या सासऱ्यांच्या वेळी दुकानदाराने लाल डोळा बघून हातात दिलेल्या बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड होतं. एका दिवसात लाली कमी झाली, सगळे खूश. आत बुरशी वाढत गेली. दृष्टी गेली ती परत आली नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी काही छापलेलं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

---

नेत्रवैद्य

रावपुरा_रोड यांच्याशी पूर्ण सहमत. जिवाणूंच्या व्रणातसुद्धा स्टिरॉइड डॉक्टर देतात ते जंतू कळल्यावर आणि अँटिबायोटिक चालू झाल्यावर. तेही सगळ्यांना फायद्याचं नाही. या एका प्रश्नासाठी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागाने ५०० रुग्णांवर चाचणी झाली, २०१२ साली निकाल आले, आणि तीन महिन्यांनंतरच्या दृष्टीत एकंदर फरक आढळला नाही.

---

कलाभवनी

मी एमएसयूच्या कलाभवनात फार्मसी शिकलो आणि नोकरीची सगळी वर्षं बडोद्यातच फॉर्म्युलेशनमध्ये काढली, त्यातला बराच काळ डोळ्यांच्या औषधांत. ताईंचा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

नॅनोकण म्हणजे साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे कण. औषधांच्या बाबतीत दोन-तीनशेपर्यंतही तोच शब्द वापरतात. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. डोळ्याच्या संदर्भात या कणांच्या दोन जाती वेगळ्या ठेवायला हव्यात, नाहीतर शेजारच्या काकांसारखा घोळ होतो. पहिल्या जातीचे कण स्वतः जंतू मारत नाहीत, ते औषध पोटात घेऊन जातात. दुसऱ्या जातीचे, म्हणजे चांदीचे वगैरे, स्वतःच जंतूंवर हल्ला करतात.

पहिल्या जातीचं उदाहरण सगळ्या बडोद्याला ठाऊक आहे. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी लोक लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी रात्री-अपरात्री वणवण फिरत होते. ते लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्या, त्यात अँफोटेरिसिन बसवलेलं. साध्या अँफोटेरिसिनने मूत्रपिंडाला जो त्रास होतो तो यात बराच कमी, म्हणून ती धावपळ. तेव्हा औषध तेच, फक्त कशात घालून देतो यावर रुग्णाचं किती बदलतं ते आपण बघितलेलं आहे.

डोळ्यासाठी मला सगळ्यांत आवडतो तो कायटोसान. कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळतो. त्यावर धन विद्युतभार असतो, आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या श्लेष्माच्या थरावर ऋण. दोघं एकमेकांना धरतात, कण चिकटून राहतो आणि अश्रूंबरोबर लगेच वाहून जात नाही. तो बनतो कसा ते बघायला फार सुंदर असतं. आम्लधर्मी पाण्यात कायटोसान विरघळवून ढवळत ठेवायचा, त्यात अँटिबायोटिक घालायचं आणि ट्रायपॉलिफॉस्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. काही वेळ काहीच होत नाही. मग एका क्षणी नितळ द्रावणावर निळसर दुधी झाक येते. ती झाक आली की समजायचं, कण तयार झाले. झाक जाऊन पांढरा गढूळपणा आला तर कण एकमेकांना चिकटून मोठे झाले, तो घाणा फुकट.

दुसरा चांगला वाहक पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचा बहुलक, शरीरात हळूहळू विरघळतो. शस्त्रक्रियेत आपोआप विरघळणारे टाके असतात ते याच कुटुंबातले. त्यातून औषध तासन् तास, दिवसेंदिवस झिरपत राहतं. थेंब तासाला एक द्यायचा त्याऐवजी दिवसातून तीन-चार दिले तर चालतील का, हा त्यामागचा खरा प्रश्न. मामा-मामींसारख्या घरांसाठी याचं मोल केवढं आहे ते धागा वाचून कळतंच आहे. जिथे जागायला दुसरं माणूसच नाही तिथे डोळा जातो तो औषध नव्हतं म्हणून जात नाही, वेळेवर पडलं नाही म्हणून जातो.

हे तंत्र डोळ्यात आलेलंच नाही असं नाही. कोरड्या डोळ्यांसाठी नॅनोमिसेलमधलं (औषध पोटात घेणाऱ्या अतिसूक्ष्म गोळ्यांमधलं) सायक्लोस्पोरिन अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. म्हणजे डोळ्यात नॅनो चालतं. जिवाणूंच्या व्रणासाठी मात्र अजून प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांवरच्या कामाचाच ढीग मोठा आहे.

अडतं कुठे ते सांगतो, कारण त्यात माझी वर्षं गेली आहेत. डोळ्याचं औषध निर्जंतुक हवं. नेहमीची पद्धत म्हणजे ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढणं. म्हणजेच २२० नॅनोमीटर. कण त्याच्या जवळपासचे असले की गाळणी तुंबते आणि औषध गाळणीतच राहतं. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलं, तर पीएलजीए टिकत नाही. कायटोसानचा धनभार आम्लात उत्तम, अश्रूंच्या ७.४ सामूवर तो बराचसा उतरतो, मग त्याला रासायनिक बदल करून घ्यावे लागतात. कणात औषध मावतं थोडं. वर पहिल्या तासातच बरंचसं भसकन बाहेर येतं. आणि बाटली सहा महिने बडोद्याच्या उन्हाळ्यात दुकानात राहिली तर कण तेवढेच राहिले पाहिजेत. प्रयोगशाळेत ताज्या घाण्याचे आकडे देखणे येतात. टिकवणं हे वेगळंच शास्त्र आहे.

---

पेट्रीडिश

कलाभवनी काका, सुरेख. आता दुसरी जात मी घेते. मी मायक्रोबायोलॉजीत आहे, सयाजीगंजला लॅब.

अँटिबायोटिकच्या जोडीला धातूचे कण कशासाठी, तर जंतूंनी स्वतःभोवती जी तटबंदी केलेली असते ती आधी मोडण्यासाठी. स्युडोमोनास घ्या, कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा वैरी. त्याला दोन आवरणं, त्यातलं बाहेरचं फार निवडक. आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप वेगळेच. आणि लेन्सवर किंवा जखमेत जमून तो चिकट थर बनवतो, बायोफिल्म, ज्याच्या आत अँटिबायोटिकचा नीट प्रभाव पडत नाही.

चांदीच्या कणांमधून चांदीचे आयन सुटतात. ते जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला धरतात, आवरण सच्छिद्र करतात, आत ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. आता गंमत बघा. व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, तो ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे स्युडोमोनाससारख्या दोन आवरणांच्या, जंतूंचं बाहेरचं आवरण ओलांडू शकत नाही, म्हणून त्यांच्यावर ते औषध एरवी निकामी. २०१३ साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की चांदी सोबत दिली तर तेच व्हँकोमायसिन ग्रॅम-निगेटिव्हवरही चालतं. जोडीची खरी ताकद ही.

जोडी जमली की नाही हे आम्ही चौकटीच्या प्लेटवर मोजतो. आडव्या ओळींत अँटिबायोटिकचं प्रमाण निम्मं-निम्मं करत न्यायचं, उभ्या ओळींत नॅनोकणांचं. रात्रभर ठेवायचं. सकाळी कुठल्या खळग्यात गढूळ आहे आणि कुठे स्वच्छ ते बघायचं. दोघांची मिळून लागणारी मात्रा एकेकट्याच्या तुलनेत इतकी उतरली की निर्देशांक ०.५ किंवा खाली आला, तरच त्याला परस्परपूरक म्हणायचं. बरेच निकाल ०.५ आणि १ च्या मध्ये येतात, त्यात दोघं नुसते शेजारी उभे असतात. बातमीत दोन्हीला 'जोरदार परिणाम' म्हणतात, आणि मला त्याचा फार राग येतो.

चांदी आणि डोळा यांचं नातं जुनं आहे. जर्मनीत लाइपझिगला क्रेडे नावाच्या प्रसूतितज्ज्ञाने नवजात बाळांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि १८८१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आईकडून येणाऱ्या गोनोरियाने बाळं आंधळी व्हायची, ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं ते एका टक्क्याच्याही खाली आलं. असंख्य डोळे वाचले. पण त्याच थेंबाने बाळांचे डोळे रासायनिक दाहाने लाल व्हायचे, म्हणून पुढे अँटिबायोटिक मलम आलं. चांदीला जंतूची पेशी आणि आपली पेशी यांतला फरक फारसा कळत नाही. मात्रा थोडी चुकली की कॉर्नियाच्या पेशीही मरतात. जोडीने द्यायचं आणखी एक कारण हेच, दोघांचीही मात्रा कमी ठेवता येते.

आणि 'चांदीला जंतू सरावत नाहीत' हे जे पसरवलं जातं ते साफ खोटं. १९७५ सालीच बॉस्टनच्या एका भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला. २०१८ मध्ये तर असं दिसलं की सतत संपर्कात ठेवलेले ई. कोलाय आणि स्युडोमोनास फ्लॅजेलिन नावाचं प्रथिन बाहेर सोडून चांदीच्या कणांचा गठ्ठाच करून टाकतात. गठ्ठा झाला की कण निकामी. त्याच प्रयोगात डाळिंबाच्या सालीच्या अर्काने हे प्रथिन रोखता आलं. कृपया कोणी डाळिंबाची साल उकळून डोळ्यात घालू नये, तो प्रयोग प्लेटवरचा आहे!

---

फतेगंज_हॉस्टेल

सगळ्यांना धन्यवाद, एवढं सविस्तर कॉलेजात पण कोणी शिकवत नाही. दोन प्रश्न. उंदीर-सशांवर जर इतके चांगले निकाल येतात तर माणसांच्या चाचण्यांना इतका वेळ का? आणि मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, कधीकधी लावूनच झोपते. स्युडोमोनासचं वाचून घाबरले.

---

नेत्रवैद्य

लेन्सचं आधी. लावून झोपायचं आजपासून बंद. लेन्स किंवा डबी नळाच्या पाण्याने धुवायची नाही, त्यातून अकँथअमिबासारखा त्याहून चिवट जीव येतो. डोळा लाल झाला, दुखला, उजेड खुपला तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. स्युडोमोनास एक-दोन दिवसांत कॉर्निया वितळवू शकतो. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, त्यांचंही कल्चर करता येतं.

आता सशांचं. ससा तासाला मोजक्याच वेळा पापणी मिटतो, माणूस मिनिटाला दहा-पंधरा वेळा. त्यामुळे सशाच्या डोळ्यात जे औषध छान टिकतं ते माणसाच्या डोळ्यात तितकं टिकेलच असं नाही. शिवाय प्रयोगात जंतू एकच, व्रण एकाच मापाचा, उपचार ठरल्या वेळी सुरू. माझ्यासमोर येतो तो प्रत्येक व्रण वेगळा. कोणी दुसऱ्या दिवशी येतो, कोणी गावठी औषध घालून पंधरा दिवसांनी. वर सांगितलेल्या चाचणीत एका प्रश्नाच्या उत्तरासाठी ५०० माणसं लागली. नवं औषध आहे त्या औषधापेक्षा सरस आहे, निदान कमी नाही, हे दाखवायला तेवढीच चिकाटी लागेल. आणि रुग्णाचा एकच डोळा पणाला असतो, त्याला नुसत्या नव्या औषधावर ठेवता येत नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर नॅनोकणांनी जंतू जास्त मेले नाहीत तरी चालेल. तासाला थेंब ही सक्ती चार वेळांवर आली तरी मी ते आनंदाने लिहून देईन. औषध वेळेवर न पडल्याने डोळा जातो, हे कलाभवनींनी लिहिलेलं मी रोज ओपीडीत बघतो.

---

कारेलीबागची_भाची

सगळ्यांचे उत्तर वाचत होते, मामीलाही वाचून दाखवलं. रिपोर्ट आला म्हणून लिहिते.

बुरशी नाही. कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघतात त्यात) स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिये हा जिवाणू आला. गावातल्या बाटलीत स्टिरॉइड नव्हतं, साधं अँटिबायोटिक होतं. आणि नेत्रवैद्य, तुम्ही विचारलेलं मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. मामांच्या त्या डोळ्यातून कित्येक वर्षं पाणी यायचं, मामी रुमाल धुऊन धुऊन कंटाळली होती, पण म्हातारपण म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात बोटाने दाबलं आणि खालच्या पापणीच्या बारीक छिद्रातून पिवळट पू वर आला. मी जवळच उभी होते. सगळे गप्प झालो.

म्हणजे भुशाने फक्त ओरखडा पडला, जंतू आधीपासून पिशवीत होता? मग नॅनो काय आणि साधं काय, थेंब पुरेल का?

---

नेत्रवैद्य

बरोबर ओळखलंत. अश्रुनलिका बंद झाली की पिशवीत अश्रू साचतात, त्यात न्यूमोकॉकस, म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनियेच, वर्षानुवर्षं सुखाने राहतो. धडधाकट कॉर्नियाला त्याचा उपद्रव होत नाही, ओरखडा पडला की तो लगेच शिरतो. टाकीच घाण असेल तर नळाचं तोंड किती पुसणार? व्रणावरचे थेंब चालूच ठेवायचे, सेफाझोलिन या जंतूवर चांगलं चालतं. तुमची फ्रिजमधली बाटली बहुधा तीच असावी, डॉक्टरांना विचारून घ्या. पण पिशवीचा बंदोबस्त केला नाही तर हा प्रकार पुन्हा होईल. व्रण आटोक्यात आला की डीसीआर, म्हणजे पिशवीतून नाकात नवी वाट काढून देणारं ऑपरेशन, किंवा वय आणि तब्येत बघून पिशवीच काढून टाकणं. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

मी हे ठासून लिहितोय कारण जगातलं उत्तमातलं उत्तम नॅनो औषधसुद्धा इथे एकटं अपुरं पडलं असतं. तपासणाऱ्याचं बोट योग्य जागी पडलं, हे मामांचं भाग्य.

---

कलाभवनी

आता त्या बाटलीबद्दल. ताईंनी मला व्यक्तिगत निरोपातून लेबलचा फोटो पाठवला होता. उत्पादकाचं नाव इथे लिहीत नाही. त्यावर औषध परवाना क्रमांक नाही, 'निर्जंतुक' हा शब्द नाही, चांदी किती आणि कणांचा आकार किती याचा पत्ता नाही. बारीक अक्षरांत 'बाह्य वापरासाठी' लिहिलंय. हे डोळ्याचं औषधच नाही.

चांदी दीर्घकाळ डोळ्यात घातली तर ती पापणीच्या आतल्या त्वचेत आणि कॉर्नियात साठून राखाडी-निळसर रंग येतो, तो सहसा जात नाही. त्याहून मोठं भय निर्जंतुकपणाचं. २०२३ मध्ये अमेरिकेत नुसत्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून कुठल्याच औषधाला सहसा न बधणारा स्युडोमोनास पसरला. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. त्या बाटल्या आपल्या देशात बनलेल्या होत्या. या व्यवसायात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. व्रण असलेल्या उघड्या कॉर्नियावर परवाना नसलेलं पाणी टाकायचं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

---

वाडीवाले

माझ्या आईचं डीसीआर झालं आहे, मामांना धीर द्या. आधी सलाइनची बारीक पिचकारी मारून नळी कुठे बंद आहे ते बघतात. जरा कसंसंच होतं, पण काही मिनिटांचं काम. ऑपरेशननंतर नाक जोरात शिंकरायचं नाही एवढं पथ्य आईने पाळलं. आता रुमाल लागत नाही.

---

कारेलीबागची_भाची

वाडीवाले दादा, मामीला हे फार बरं वाटलं.

व्रणाच्या कडा आता घट्ट झाल्यात, पू कमी आहे, डॉक्टरांनी थेंब दोन तासांवर आणले. शेजारच्या काकांना बाटली परत दिली आणि कलाभवनी काकांचा प्रतिसाद छापून दिला. त्यांनी तो नीट वाचला, आणि त्यांच्या घरी आणखी दोन बाटल्या होत्या त्या टाकून दिल्या. ते स्वतः मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या वापरणार होते.

शेवटचं विचारते. डाग राहील का? आणि पुढच्या झोडणीला गावातल्या लोकांसाठी मी अँटिबायोटिकचं मलम घेऊन ठेवू का?

---

नेत्रवैद्य

डाग थोडा राहणारच, कारण कॉर्नियाचा मधला थर भरतो तो पारदर्शक भरत नाही. किती दिसेल ते डाग बाहुलीसमोर आहे की बाजूला आणि किती खोल आहे यावर. पुढचे काही महिने तो थोडा फिका होत जातो. अगदी मध्यावर दाट राहिला तर कॉर्निया प्रत्यारोपणाचा विचार, तोही पिशवीचं काम झाल्यावरच.

मलमाबद्दल. नेपाळमध्ये भक्तपूरला केलेल्या कामात गावोगावच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ओरखडा पडलेल्या लोकांना १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिलं. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यातल्या एकालाही व्रण झाला नाही. पण तिथे कार्यकर्ता आधी रंगाची पट्टी आणि निळी बॅटरी लावून ओरखडाच आहे, व्रण नाही, हे बघायचा. म्हणून मलम घरी साठवू नका. डभोईच्या आरोग्य केंद्रात ती पट्टी आणि मलम आहे का ते विचारा, गावातल्या आशाताईंशी बोला. झोडणीला साधे बंद कडांचे प्लास्टिकचे चष्मे द्या. आणि ज्यांच्या डोळ्यातून कायम पाणी येतं अशा वयस्क मंडळींना हंगामाआधीच डोळे तपासायला पाठवा.